गॅस आर-32 घ्या, पण आधी फिटर बघा

पत्र नागपूरहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

"आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट स्लॅब. सासूबाईंच्या 10 बाय 12च्या खोलीत यंदा एसी घ्यायचाच आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलर कसाबसा पुरतो, पण पाऊस सुरू झाल्यावर जो दमट उकाडा असतो त्यात कूलरचा काडीचा उपयोग नाही. दुकानदार आर-410ए गॅसचा गोदामातला सीलबंद पीस बऱ्याच स्वस्तात देतोय. दीर म्हणतात आर-32 घ्या, शेजारचे काका म्हणतात तो पेट घेतो. कुणी सांगतं आर-290 पर्यावरणाला सगळ्यात चांगला, पण तो म्हणे आपल्या सिलिंडरमधलाच गॅस. भाचा न्यू जर्सीत असतो, त्याच्याकडे आर-454बी बसवलाय. तो म्हणतो भारतात अजून जुनंच चाललंय. सासूबाईंचं देवघर त्याच खोलीत जमिनीलगत आहे, संध्याकाळी समई असते, म्हणून काळजी वाटते. शिवाय हॉलमधल्या जुन्या आर-22च्या एसीत दरवर्षी गॅस भरावा लागतो, तसा नव्यातही लागेल का?"

ताई, आर-32चं मशीन घ्या. 410एवाला पीस कितीही स्वस्त मिळाला तरी नको. आर-290 हा गॅस म्हणून या सगळ्यांत सरस आहे, तरी तुमच्या या खोलीसाठी मी तो सुचवणार नाही. का ते पुढे सांगतो. आणि भाच्याला कळवा की त्याच्या 454बीमध्ये जवळजवळ 69 टक्के आर-32च असतो, उरलेला दुसरा एक गॅस. अमेरिकेत 1 जानेवारी 2025पासून घरगुती एसींत 410ए घालून नवी मशीन बनवायला बंदी आली, तेव्हा तिकडच्या कंपन्यांनी हे मिश्रण जवळ केलं. आपल्याकडे आर-32चे एसी त्याच्या बरेच आधीपासून विकले जातायत. जपानमध्ये तर पहिला आर-32 एसी 2012मध्येच बाजारात आला होता. तेव्हा जुनं कुठे चाललंय, ते भाच्यालाच विचारा.

पण तुम्ही "शिवाय" म्हणून शेवटी टाकलेला प्रश्न मला पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एसीतला गॅस संपत नाही. तो जळत नाही, झिजत नाही, वापरला जात नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत राहतो, आत उष्णता घेतो, बाहेर टाकतो. घरातल्या फ्रिजमध्ये तुम्ही दरवर्षी गॅस भरता का? नाही, कारण त्याच्या सगळ्या नळ्या कारखान्यात जोडून बंद केलेल्या असतात. स्प्लिट एसीचं तसं नाही. त्याचे दोन तुकडे वेगवेगळ्या खोक्यांतून येतात आणि मधला तांब्याचा पाइप तुमच्या घरी, शिडीवर उभा राहून, कुणीतरी जोडतो. चार जोड असतात. गळती बहुतेक वेळा त्यातल्याच एखाद्यातून होते, नाहीतर कॉइलला बारीक भोक पडतं. हॉलमधल्या एसीत दरवर्षी गॅस भरावा लागतोय, याचा अर्थ तो दरवर्षी गळतोय. आणि दरवर्षी येणारा माणूस गळती न शोधता गॅस भरून पैसे घेऊन जातोय. "टॉप-अप" हा शब्द ज्याने रूढ केला त्याने मेकॅनिकांच्या दोन पिढ्यांची सोय करून ठेवली आहे.

आता 410ए का नको ते सांगतो. हा आर-32 आणि आर-125 यांचं अर्धं-अर्धं मिश्रण आहे. ओझोनला तो अपाय करत नाही, म्हणून त्या खोक्यावर "ओझोन फ्रेंडली" असा हिरवा शिक्का असेल. तो खोटा नाही, फक्त निरुपयोगी आहे, कारण आज दुकानात मिळणाऱ्या सगळ्याच गॅसांना तो लागू पडतो. फरक आहे तो तापमानवाढीत. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो 410ए हवेत सुटला तर तो 2,088 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आर-32चा आकडा 675 आहे, आर-290चा साधारण 3. शिवाय मिश्रण असल्यामुळे 410ए द्रवरूपातच भरावा लागतो. सिलिंडर उलटा न करता भरला तर प्रमाण बिघडतं. आर-32 हा एकच गॅस आहे, त्यात बिघडायला प्रमाणच नाही.

नागपूरकरांसाठी आणखी एक कारण आहे आणि ते दुकानात कुणी सांगणार नाही. बाहेरच्या युनिटमध्ये गॅसचा द्रव व्हावा लागतो, तेव्हाच तो आतली उष्णता बाहेर टाकतो. बाहेर 46 अंश असेल तर त्या कॉइलमध्ये गॅस साठ अंशांच्या आसपास द्रव होत असतो. प्रत्येक गॅसची एक वरची मर्यादा असते. त्या तापमानापलीकडे कितीही दाब दिला तरी तो द्रव होत नाही. 410एची ही मर्यादा साधारण 71 अंश आहे, आर-32ची 78, आर-290ची जवळपास 97. मर्यादेच्या जितकं जवळ जाल तितकी मशीनची दमछाक वाढते, वीज जास्त लागते आणि गारवा कमी पडतो. पुण्यात हा फरक जाणवणार नाही. नवतप्यात दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेल्या युनिटला मात्र तो जाणवतो.

याच ओघात एसीच्या लेबलवरच्या ताऱ्यांबद्दलही सांगतो. एसीची कार्यक्षमता ज्या हिशेबाने काढतात त्यात बाहेरचं तापमान 24 ते 43 अंश धरलेलं असतं आणि वर्षाला 1,600 तास वापर. तुमचा मे महिना त्या तक्त्याच्या बाहेरचा आहे. टनाचा आकडाही बाहेर 35 अंश असतानाचा असतो. म्हणून 120 चौरस फुटांना एक टन पुरे असं कुणी म्हणालं तरी वरचा मजला आणि उघडा स्लॅब लक्षात घेऊन दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घ्या. तारे तर बघाच, पण लेबलवर छापलेलं साल आणि वर्षाची युनिटं आधी बघा. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या साठ्यातले पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नसतात. दुकानदाराच्या सीलबंद पीसवर साल कुठलं आहे ते एकदा वाचा, स्वस्ताईचं कारण तिथेच सापडेल.

आता पेट घेण्याबद्दल. शेजारचे काका चुकीचं बोलत नाहीत. आर-32 जळू शकतो. पण जळण्यासाठी हवेत त्याचं प्रमाण 14 टक्क्यांच्या वर जावं लागतं, आणि पेटला तरी ज्वाला फार सावकाश पसरते. म्हणून त्याचा वर्ग सौम्य ज्वलनशील असा धरलाय. आर-290 म्हणजे प्रोपेन. त्याला दोन टक्केच पुरतात आणि त्याचा वर्ग सर्वांत ज्वलनशील.

तुमच्या खोलीचाच हिशेब मांडू. 10 बाय 12, उंची दहा फूट धरली तर साधारण 34 घनमीटर हवा. दीड टनाच्या आर-32 मशीनमध्ये समजा 900 ग्रॅम गॅस आहे (नेमका आकडा बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर असतो) आणि तो सगळाच्या सगळा खोलीत सुटला. तर घनमीटरला 26 ग्रॅम. पेट घ्यायला लागतात 307. म्हणजे दहावा हिस्सासुद्धा नाही. प्रोपेनच्या मशीनमध्ये गॅस बराच कमी लागतो, 330 ग्रॅम धरू. घनमीटरला दहाएक ग्रॅम, पेट घ्यायला लागतात 38. म्हणजे पावपट. इथेही आकडा सुरक्षित बाजूलाच आहे, आणि तसं पाहिलं तर तुमच्या स्वयंपाकघरात 14.2 किलोचं सिलिंडर रोज वापरात आहेच. फ्रिज गेल्या काही वर्षांतला असेल तर त्याची पट्टी वाचा, तिथे बहुधा आर-600ए लिहिलेलं असेल. तोही जळणारा गॅस आहे, फक्त मोजके ग्रॅम.

पण हा हिशेब गॅस खोलीभर सारखा पसरला असं धरून आहे, आणि दोन्ही गॅस हवेपेक्षा जड आहेत. पंखा बंद असेल तर ते खाली उतरून जमिनीलगत साठतात. तुमची समई नेमकी तिथेच आहे. शिवाय सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. एसीतल्या प्रोपेनला तो नसतो. गळला तर नाकाला पत्ता लागणार नाही. म्हणून ज्या खोलीत जमिनीलगत उघडी ज्योत असते त्या खोलीत मी आर-290 लावणार नाही. आर-32च्या बाबतीत समईची एवढी भीती बाळगायचं कारण नाही, फक्त एक पाळा: एसीतून फुसफुस आवाज आला किंवा गारवा एकाएकी गेला तर आधी समई शांत करा, खिडक्या उघडा आणि मग मेकॅनिकला फोन. असे गॅस ज्योतीत सापडले की त्यांच्यापासून घसा जाळणारे विषारी वायू होतात. हे आर-32चंच नाही, तुमच्या जुन्या आर-22चंही तेच आहे. जमलं तर देवघर भिंतीवर कमरेच्या उंचीवर घ्या. सासूबाईंच्या गुडघ्यांनाही बरं.

आर-290बद्दल माझं मन कडू आहे असं समजू नका. गोदरेजने 2012मध्ये या गॅसचे स्प्लिट एसी भारतात आणले तेव्हा जगातही फार थोडे लोक हे करत होते. गॅस स्वस्त, उष्ण हवेत दमदार, तापमानवाढीत नगण्य. अडचण आहे ती दुरुस्तीची. प्रोपेनच्या मशीनला हात लावणारा माणूस त्यासाठी शिकलेला हवा आणि ठिणगी न टाकणारी हत्यारं हवीत. असे लोक गल्लोगल्ली नाहीत, आणि बहुधा म्हणूनच दुकानात गोदरेजचीही बरीच मॉडेलं आता आर-32चीच दिसतात. तुम्ही बंगल्यात खालच्या मजल्यावर असता, खोली मोठी असती, ज्योत नसती आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर जवळ असतं, तर मी आग्रहाने आर-290 घ्या म्हणालो असतो.

मग आर-32 उद्या बंद पडला तर, असं मनात येईल. तोही कधीतरी कमी होणार आहे. 2016च्या किगाली कराराला भारताने 2021मध्ये मान्यता दिली, त्याप्रमाणे या जातीच्या गॅसांचा वापर 2028मध्ये गोठवायचा आणि 2032पासून दहा टक्के, 2037पासून वीस टक्के अशी पायरीपायरीने कपात करायची आहे. मोठी कपात 2047ला आहे. दहा-बारा वर्षं चालणाऱ्या मशीनला त्याची झळ लागणार नाही. थांबून काही मिळणार नाही.

आता पैशांचा आणि पर्यावरणाचा खरा हिशेब. दीड टनाचं चांगलं पाच तारे मशीन लेबलप्रमाणे वर्षाला सातशे-आठशे युनिटं घेतं. आपल्याकडे एक युनिट विजेमागे सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला पाचशे-साडेपाचशे किलो. आणि 900 ग्रॅम आर-32 गळून गेला तर? 675ने गुणा, सहाशे किलो. म्हणजे एकदा सगळा गॅस गळणं हे अख्खं वर्षभर एसी चालवण्याहूनही थोडं जास्त. तुमच्या हॉलमधल्यासारखा एसी दरवर्षी रिकामा होत असेल, तर गॅस कुठला निवडला याने तुम्ही जे कमावलं ते सगळं त्या एका ढिल्या जोडातून जातं. वर अर्धा गॅस गेलेलं मशीन जास्त वेळ चालतं आणि बिल फुगतं ते वेगळंच.

म्हणून दुकानात गॅसवर पाच मिनिटं घालवा आणि फिटिंगवर अर्धा तास. बसवायला येणाऱ्या माणसाला फोनवरच विचारा: "व्हॅक्यूम पंप आणणार ना?" तो म्हणाला की नवीन मशीनला गरज नसते, गॅस आत भरूनच येतो, तर दुसरा माणूस मागा. गॅस भरून येतो हे खरं, पण तो बाहेरच्या युनिटमध्ये. मधल्या पाइपमध्ये आणि आतल्या कॉइलमध्ये हवा असते, हवेत ओल असते, ती पंपाने ओढून काढावी लागते. बरेच जण बाहेरचा व्हॉल्व्ह किंचित उघडतात, गॅसच्या जोराने दुसऱ्या टोकाने फुस्स करून हवा काढतात आणि झालं म्हणतात. त्यात तुमचा गॅस जातो, ओल आतच राहते, आणि ती ओल कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल तयार करते. दोन वर्षांनी कॉम्प्रेसर बसला की दोष गॅसला.

नीट काम कसं दिसतं ते सांगतो, खुर्ची टाकून बघत बसा. पाइप करवतीने नाही, चाकाच्या कटरने कापलेला हवा. कापलेल्या टोकाची आतली कड खरवडून काढलेली हवी. तसं करताना टोक खाली धरतात, म्हणजे तांब्याचा चुरा आत पडत नाही. मग नट पाइपवर चढवून टोक पसरवायचं, त्याला फ्लेअर म्हणतात. फ्लेअर गुळगुळीत आणि गोल दिसला पाहिजे, कडेला चीर किंवा एक बाजू लांब दिसली तर पुन्हा कापायला सांगा. चार इंच पाइप गेला तर गेला. नट हाताने सरळ फिरला पाहिजे, मग पाना, तोही टॉर्क पाना असेल तर उत्तम. जोर लावून आवळणारे लोक फ्लेअर चिरडतात. गळती अनेकदा ढिलेपणापेक्षा जास्त आवळण्यातून होते. मग पंप लावून वीस-पंचवीस मिनिटं व्हॅक्यूम. पंप बंद केल्यावर गेजचा काटा दहा-पंधरा मिनिटं हलता कामा नये. हलला तर कुठेतरी गळतंय, व्हॉल्व्ह उघडू देऊ नका. काट्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेवटी व्हॉल्व्ह उघडल्यावर चारही जोडांवर साबणाचा फेस.

गळती तपासायला कुणी दाब देणार असेल तर नायट्रोजननेच. ऑक्सिजनचं नळकांडं दिसलं तर काम तिथेच थांबवा. तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, मग मशीनमध्ये गॅस कुठलाही असो.

बाहेरचं युनिट उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला लावा, मागेपुढे हवा खेळू द्या. शोभेसाठी जाळीच्या कपाटात कोंडू नका. आर-32चा एक दोष असा की त्याचा कॉम्प्रेसर 410एपेक्षा जास्त तापतो, त्याला मोकळी हवा लागते. पाइप लांबला तर मीटरमागे ठरावीक ग्रॅम गॅस वाढवावा लागतो, तो वजनकाट्यावर मोजून. अंदाजाने नाही.

राहिला हॉलमधला एसी. आर-22 ओझोनलाही मारक आहे आणि भारतात तो घालून नवी मशीन बनवणं 1 जानेवारी 2025पासून बंद झालंय. दुरुस्तीसाठी मिळतो, पण वर्षागणिक दुर्मीळ आणि महाग होत जाणार. या वेळी मेकॅनिकला सांगा: गळती कुठे आहे ते फेस लावून दाखवा, ती बंद करा, मगच गॅस. कॉइलच चाळण झाली असेल तर खर्च करू नका, मशीन काढा. आणि एक गोष्ट अजिबात होऊ देऊ नका. काही जण आर-22च्या मशीनमध्ये स्वस्तात पडतो म्हणून प्रोपेन किंवा चक्क सिलिंडरचा गॅस भरून देतात. मशीन गार करतंही. पण ते ज्वलनशील गॅससाठी बनवलेलंच नाही, आतल्या विजेच्या जोडण्या तशा नाहीत, आणि पुढचा मेकॅनिक आर-22 समजून त्यावर ब्लोटॉर्च लावेल. काढलेलं मशीन भंगारवाल्याला देऊ नका, तो पाइप कापून गॅस सोडून देतो. एक्स्चेंजमध्ये द्या, एसी ई-कचऱ्याच्या नियमांत येतो, त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी कंपन्यांवर असते.

हे सगळं मार्च लागायच्या आत उरका. एप्रिल-मेत एकेका फिटरच्या अंगावर दिवसाला इतकी मशीन असतात की तुमच्याकडे पंप लावून अर्धा तास थांबायला त्याला सवड नसते. तेव्हा कुणी घाई करत असेल तर त्याला चहा द्या आणि काटा बघायला बसवा.